काबूलचा खजिना कोण भरतो?

दुर्बीण (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमीर खान मुत्ताकी दिल्लीत येऊन गेले. तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री जयशंकरांना भेटतात, देवबंदला चक्कर मारतात आणि भारत काबूलमधल्या आपल्या 'तांत्रिक पथका'ला पुन्हा दूतावासाचा दर्जा देतो. डिसेंबर १९९९ मध्ये, कंदाहारच्या धावपट्टीवर अपहरण झालेलं आपलं आयसी-८१४ विमान उभं असताना, असं होईल म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. त्यावर आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटात जे रणकंदन झालं ते वाचून हा धागा काढतोय. एक पार्टी 'पाकड्यांची जिरली' म्हणून खूश, दुसरी 'अतिरेक्यांना पायघड्या' म्हणून संतप्त. दोघांच्या तोंडी एक वाक्य मात्र सारखंच होतं: अफगाणिस्तान ही साम्राज्यांची दफनभूमी, तिथे बाहेरच्याचं काही चालत नाही.

या वाक्याचा मला मनापासून कंटाळा आलाय. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात, जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघारी निघालेल्या सुमारे १६ हजार लोकांपैकी (सैनिक थोडे, बाजारबुणगेच जास्त) डॉ. ब्रायडन तेवढा घोड्यावरून जलालाबादला पोचला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्याच वर्षी इंग्रज परत आले, काबूलचा बाजार जाळला आणि मग गेले, हे कोणी सांगत नाही. दुसऱ्या युद्धात १८८० ला मैवंदला त्यांनी मार खाल्ला आणि पाच आठवड्यांत कंदाहारला जिंकले. त्यानंतर अमीर अब्दुर रहमानचं परराष्ट्र धोरण इंग्रजांच्या हातात गेलं ते १९१९ पर्यंत. बदल्यात अमिराला १८८३ पासून वर्षाला १२ लाख रुपये, आणि १८९३ ला ड्युरँड रेषा (आजची पाक-अफगाण सीमा) आखल्यावर १८ लाख. दफनभूमी कसली, पगारपत्रक होतं ते!

आणि हे तेव्हाच सुरू झालं असंही नाही. अब्दालीचं राज्य पंजाब, काश्मीर, सिंधच्या महसुलावर चाले. रणजितसिंहाने १८१९ ला काश्मीर घेतलं, पुढे पेशावरही गेलं, आणि काबूलच्या गादीवर बसणाऱ्याकडे वाटायला काही उरलं नाही. झहीर शाहच्या काळात अमेरिकन हेलमंडमध्ये कालवे खोदत होते, रशियन सालंगचा बोगदा पाडत होते (१९६४), आणि राजा दोघांकडूनही घेत होता. म्हणजे काबूलच्या सरकारला आपल्याच शेतकऱ्याकडे कराची थैली घेऊन फारसं जावं लागलं नाही. जो कर देत नाही त्याला कुणी काही विचारतही नाही. गावं आपली आपल्या जिरग्यावर (वडीलधाऱ्यांच्या पंचायतीवर) चालत राहिली.

आता सोव्हिएत. २७ डिसेंबर १९७९ ला काबूलच्या ताजबेग राजवाड्यात तेव्हाचा राष्ट्रप्रमुख हफीझुल्ला अमीनला मारून त्यांनी बाब्राक कारमालला बसवलं. १५ फेब्रुवारी १९८९ ला जनरल ग्रोमोव्ह तेरमेझचा पूल ओलांडून परत गेला. कारमालनंतर गादीवर आलेल्या नजीबुल्लाचं सरकार चार-सहा महिन्यांत कोसळेल असं अमेरिकेच्या सीआयएसह सगळ्यांना वाटत होतं. आयएसआयच्या पाठबळावर मुजाहिदीनांनी त्याच वसंतात जलालाबादवर हल्ला चढवला, तो सपशेल फसला. नजीब टिकला एप्रिल १९९२ पर्यंत! रशियन सैनिक गेल्याने तो पडला नाही. सोव्हिएत संघच मोडला, धान्य-इंधन-रोकड बंद झाली, मग त्याचा उत्तरेतला उझबेक सेनापती दोस्तम याने बाजू बदलली आणि खेळ संपला.

अशरफ घनींचं सरकार तर अमेरिकन सैनिक विमानतळावर असतानाच पडलं. जागतिक बँकेच्या हिशेबाने सरकारी खर्चाचा पाऊण हिस्सा परकी अनुदानातून येत होता. कागदावर सैन्य-पोलीस मिळून ३ लाख, त्यातले कितीतरी फक्त हजेरीपटावर. हेलिकॉप्टरांची देखभाल परदेशी कंत्राटदारांकडे. ते गेले तशी हेलिकॉप्टरं जमिनीवर. त्याआधी २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात करार झाला तो अमेरिकेचे दूत खलीलझाद आणि तालिबानचे मुल्ला बरादर यांच्यात, काबूल सरकार त्या खोलीतही नव्हतं. वर ५ हजार तालिबान कैदी सोडायची जबाबदारी मात्र काबूलवर. डोंगरातल्या चौकीवर महिनोन्महिने पगाराविना बसलेल्या पोराला याचा अर्थ लगेच कळला. गावातले वडीलधारे मध्यस्थी करायला आले, बंदूक ठेवली, घरी गेला. ६ ऑगस्ट २०२१ ला झरंज, १५ ला काबूल. (झरंज म्हणजे आपल्या सीमा रस्ते संघटनेने बांधलेल्या २१८ किमी देलाराम रस्त्याचं टोक. पहिली प्रांतिक राजधानी पडली ती नेमकी हीच.)

माझं म्हणणं एवढंच: बाहेरच्यांनी तिथे दोनदा राज्य उभं केलं, दोन्ही वेळा त्याचा मालक बाहेर होता. तालिबानची राजवट मला घृणास्पद वाटते, पण ते स्वतः जकात-कर गोळा करतात, वर्षाला २ अब्ज डॉलरहून जास्त. म्हणून ते सहजासहजी पडणार नाहीत. मग त्यांच्याशी वागायचं कसं? मतं मांडा. फक्त 'त्यांना अण्वस्त्राने उडवा' वगैरे नको.

बाजीराव_रोड | अटक

लेख उत्तम. वाचनखूण साठवली. पण १७६१ विसरून आपण मुत्ताकीला चहा पाजायचा? राघोबादादांनी अटकेपार झेंडा लावला होता हो. तेव्हाच पक्कं ठाणं केलं असतं तर आज ही चर्चाच नसती.

दुर्बीण | @बाजीराव_रोड

येणारच होतं हे, पहिल्याच प्रतिसादात आलं. राघोबादादा १७५८ ला तिकडे गेले आणि येताना गाठीला लाखोंचं कर्ज घेऊन आले, हेही लिहा की. मुलूख जिंकणं आणि महसूल बसवणं वेगळं. पानिपतावर इथे आधीच डझनभर धागे आहेत, कृपया तिकडे.

हिंगाष्टक | बाजारातली बाजू

वाशीच्या मसाला बाजारात आमचा धंदा आहे, तीन पिढ्या हिंग आणि सुकामेवा. ऑगस्ट २०२१ ला अंजीर, जर्दाळू, काळा मनुका सगळ्याचे भाव एका रात्रीत चढले होते, तेव्हा गिऱ्हाईक आमच्याच नावाने बोटं मोडायचं.

धागाकर्त्याच्या मुद्द्याला पुस्ती. आधीच्या सरकारात कंदाहारहून सीमेपर्यंत ट्रक यायचा तर वाटेत प्रत्येक चौकीवर हात ओले करावे लागत: पोलीस वेगळे, कमांडर वेगळा, रात्री तालिबान वेगळे. आता एकदाच भरायचं, पावती मिळते, ती पुढे चालते. आमचे तिकडचे आडते त्यांच्यावर खूश नाहीत (घरात मुली आहेत), पण धंद्याच्या बाबतीत हे बोलून दाखवतात.

प्रश्न सीमेपलीकडचा आहे. पहलगामनंतर अटारी बंद झाली, मे २०२५ मध्ये दिल्लीने अडकलेले १६० अफगाण ट्रक आत घेतले. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये पाकिस्तानशी त्यांची जुंपली आणि पाक सीमेवरची तोरखम आणि चमन ही दोन्ही नाकी बंद झाली. डाळिंब-द्राक्षं नाक्यावर सडली. जकात हाच कणा असेल तर तो कणा शेजाऱ्याच्या फाटकात अडकला.

अवांतर: अफगाण मालाला साफ्टाची (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराची) शुल्कसवलत असल्याने बाजारात दिसणारा प्रत्येक 'अफगाण' जिन्नस अफगाण असेलच असं नाही. हलके घ्या.

तिरकस | स्वयंपूर्ण तालिबान?

दुर्बीण, तुमचा सिद्धांत छान गुळगुळीत आहे, पण एक खोकं विसरलात. डॉलरच्या नोटांचं. डिसेंबर २०२१ पासून संयुक्त राष्ट्रं विमानाने काबूलला रोकड पाठवत होती, एका खेपेला साधारण ४ कोटी डॉलर. ती मदतसंस्थांच्या खात्यात जायची, तालिबानच्या नाही, हे मान्य. पण अफगाणी चलन सावरलं ते त्या नोटांनी, दुकानात गहू-तेल आलं ते त्याने, आणि त्या विकल्या गेलेल्या तेलावर जकात वसूल केली तालिबानने. दवाखाने परदेशी पैशावर, पोषण आहार परदेशी पैशावर. सरकारने फक्त पोलीस, फौज आणि वसुली सांभाळायची. अहो, इतकं स्वस्तात राज्य तर कुणीही चालवेल!

म्हणजे खजिना अजूनही बाहेरूनच भरतोय, फक्त मागच्या दाराने.

दुर्बीण | @तिरकस

हा चांगला पकडलात. पण २०२५ मध्ये अमेरिकेने मदत जवळजवळ थांबवली, तुमचं मागचं दार बरंचसं बंद झालं, शेकडो आरोग्यकेंद्रांना टाळं लागलं. तरी राजवट हलली नाही. लोक उपाशी राहिले आणि राजवट उभी राहिली, असं झालं. नजीबच्या वेळी पैसा थांबला तेव्हा सेनापती फुटले, इथे तसं दिसत नाही.

आणि गावपातळीवर यांचा हात किती पोचतो हे बघायचं तर अफू बघा. एप्रिल २०२२ ला बंदी आणली. लागवड २ लाख ३३ हजार हेक्टरवरून पुढच्या वर्षी १० हजार ८०० वर. अमेरिकनांनी वीस वर्षं अब्जावधी ओतून जे जमवलं नाही ते एका फर्मानात. शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं, बदख्शानात लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, ते वेगळं.

पोटोमॅक_काठी | 'लढले नाहीत' म्हणणाऱ्यांसाठी

उत्तर व्हर्जिनियात राहतो. इथे काबूल पडल्यानंतर आलेली बरीच कुटुंबं आहेत, मुलाच्या वर्गातच तीन अफगाण मुलं आहेत. धागाकर्त्याचं 'बंदूक ठेवली, घरी गेला' हे वाक्य खटकलं.

वीस वर्षांत अमेरिकेचे साधारण २,४०० सैनिक गेले. अफगाण सैनिक-पोलीस सुमारे ६६ हजार. शेवटच्या काही वर्षांत जमिनीवरची लढाई जवळजवळ सगळी त्यांनीच लढली. त्यांना अमेरिकन पद्धतीने लढायला शिकवलं: वर विमान, मागे हेलिकॉप्टर, जखमी झालास तर तासाभरात दवाखाना. मग एके दिवशी विमान काढून घेतलं. बगरामचा हवाई तळ तर जुलै २०२१ च्या सुरुवातीला रातोरात रिकामं केलं, अफगाण कमांडरला नीट पत्ताही नव्हता. आणि नंतर अध्यक्षमहाशय बायडेन टीव्हीवर येऊन म्हणतात, जे स्वतःसाठी लढायला तयार नाहीत त्यांच्यासाठी आमच्या पोरांनी का मरावं.

त्यातल्या अनेकांचं तात्पुरतं संरक्षणही जुलै २०२५ मध्ये संपवलं. परत जा म्हणे. कुठे?

वऱ्हाडी_ठेचा | बगराम

आता मले सांगा, सप्टेंबर २०२५ मधी ट्रम्पतात्या बगराम वापस मागून राह्यले होते, नाही देलं तर वाईट होईन म्हणे. त्याचं काय झालं बावा? चार वर्षं झाली, आन् यायले आता आठवण आली?

दुर्बीण | @वऱ्हाडी_ठेचा

तालिबानने साफ नाही म्हटलं. गंमत पुढे आहे. ऑक्टोबरात मॉस्कोच्या बैठकीत अफगाणिस्तानात आणि शेजारी परकी लष्करी तळ नकोत असं निवेदन निघालं, त्यावर रशिया, चीन, इराण, पाकिस्तान आणि भारत सगळे एकत्र. भारत-पाकिस्तानचं एका कागदावर एकमत पाहायला तालिबान लागले. रशियाने तर ३ जुलै २०२५ ला त्यांना औपचारिक मान्यताही देऊन टाकली, पहिलाच देश. ज्यांनी ताजबेगवर कमांडो उतरवले तेच.

डॉ_मेथकूट | तुम्ही सगळे खजिना मोजत बसा

इतके प्रतिसाद वाचले. अफू आली, अंजीर आलं, राघोबादादा आले. दोन कोटी बायकांबद्दल हिंगाष्टक यांच्या कंसातले तीन शब्द सोडले तर कुणी अवाक्षर काढलं नाही.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून माझ्या विषयातलंच बोलते. २३ मार्च २०२२ ला मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार होत्या, मुली दप्तरं घेऊन पोचल्या आणि त्याच सकाळी परत पाठवल्या. त्या वर्षीच्या डिसेंबरात विद्यापीठं बंद. तरी एक फट होती: दाई आणि नर्सिंगचे अभ्यासक्रम. डिसेंबर २०२४ मध्ये तीही बुजवली. आता साधं गणित करा. बाईला पुरुष डॉक्टरने तपासलेलं अनेक घरांना चालत नाही. बाई डॉक्टर नवीन तयार होणार नाही, नर्स नाही, सुईण नाही. आहेत त्या निवृत्त होतील किंवा देश सोडतील. बाळंतपणातले मृत्यू तिथे आधीच आशियात सर्वात जास्त म्हणावेत असे. दहा वर्षांनी कुनारच्या खोऱ्यात आडवं आलेलं मूल कोण काढणार?

३१ ऑगस्ट २०२५ ला कुनारला भूकंप झाला, दोन हजारांवर माणसं गेली. त्यानंतर आठवड्याभरात यांनी काय केलं, तर संयुक्त राष्ट्रांत काम करणाऱ्या अफगाण बायकांना काबूलच्या कचेऱ्यांत शिरायला बंदी. सप्टेंबरअखेर दोन दिवस देशभर इंटरनेट बंद, म्हणजे घरात बसून ऑनलाइन शिकणाऱ्या मुलींचं तेही गेलं.

राजवट टिकेल हो. कोण नाही म्हणतंय? 'राष्ट्राचं भवितव्य' या शब्दांत त्या मुली धरल्या आहेत की नाही, एवढंच विचारते.

तिरकस | @डॉ_मेथकूट

+१. दंडवत. आणि मुत्ताकींच्या दिल्लीतल्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकार नव्हत्या, हेही जोडा. बोंब झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी घेतली, तिथे त्या पहिल्या रांगेत बसल्या. म्हणजे ओरडल्यावर हलतात. मग आपलं सरकार ओरडतं का?

ओसरी | पुण्यातून

महाविद्यालयात शिकवते. पुण्यात गेली अनेक वर्षं अफगाण विद्यार्थी शेकड्यांनी आहेत, कोंढवा-कॅम्प भागात त्यांच्या रोटीची दुकानंसुद्धा आहेत. डॉक्टरांच्या मुद्द्याला आपल्या बाजूची जोड देते, कारण इथे सगळे अमेरिका-रशियाची उणीदुणी काढताहेत.

कोविडमध्ये बरेच विद्यार्थी घरी गेले होते, वर्ग ऑनलाइन चालू. २५ ऑगस्ट २०२१ ला आपण अफगाणांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द केले. सुरक्षेचं कारण समजू शकते, काही अफगाणांचे पासपोर्ट चोरीला गेल्याची भीती होती. पण त्यात आमच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलीही अडकल्या. प्रवेश आहे, शिष्यवृत्ती आहे, येता येत नाही. मुलगे पुढे इराणमार्गे, दुबईमार्गे काहीतरी करून निघाले. मुलींना पुरुष नातेवाईक सोबत असल्याशिवाय विमानतळावरूनच परत पाठवायचे. एकीने परीक्षा मोबाइलवर दिली, वीज गेली की उत्तरपत्रिकेचे फोटो दुसऱ्या दिवशी यायचे. आम्ही घेतले. नियमात बसत नव्हतं.

३ अब्ज डॉलर आपण तिथे घातले, हेरातचं सलमा धरण, काबूलची संसद इमारत. ५० हजार टन गहूही दिला. छान. पण वीस वर्षांत जे खरं उभं राहिलं ते म्हणजे ही पोरं. तिथे दूतावास उघडलाय तर पहिला काउंटर मुलींच्या विद्यार्थी व्हिसाचा असावा, एवढं तरी मागायला काय हरकत आहे?

बाजीराव_रोड | @ओसरी

ताई, भावना मान्य, पण व्हिसा दिला तरी पुरुष सोबतीशिवाय ते तिला सोडणार नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. मग उपयोग काय? भावाला पण व्हिसा द्यायचा? आणि तपासणी कोण करणार?

ओसरी | @बाजीराव_रोड

हो, भावालाही द्यायचा. वडिलांनाही. उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णासोबत नातेवाइकाला देतोच ना? तपासणी इतरांची जशी होते तशीच.

चिंचपोकळीकर | जरा जुनं

अवांतर आहे, पण धागा आमच्या मुंबईपर्यंत आणतो. कुलाब्याला नेव्हीनगरकडे जाताना जे उंच मनोऱ्याचं चर्च लागतं, त्याला अफगाण चर्चच म्हणतात. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलं, १८५८ ला खुलं झालं. धागाकर्त्याने मैवंद एका ओळीत उरकलं, पण तिथे लढलेल्या पायदळात मुंबई लष्कराच्या दोन देशी पलटणी होत्या, आणि मुंबई लष्करात कोकण-देशावरचे शिपाई बरेच असत. तेव्हा 'बाहेरच्यांचा हस्तक्षेप' म्हणताना आपण अगदीच प्रेक्षक नव्हतो.

आणखी एक: नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासात तालिबानने आपला माणूस नेमला. तो दिल्लीतच शिकलेला, भारताच्या शिष्यवृत्तीवर!

दुर्बीण | सर्वांना

पोटोमॅक, 'घरी गेला' हे तुच्छतेने लिहिलेलं नाही. मीही तेच केलं असतं.

डॉक्टर, तुमचा प्रश्न माझ्या हिशेबाच्या चौकटीत बसत नाही हे खरं. एकच दुवा दिसतो. कंदाहारला बसलेले तालिबानचे सर्वोच्च नेते हिबतुल्ला अखुंदझादा आणि काबूलला कारभार पाहणारे मंत्री यांच्यात मुलींच्या शाळेवरून मतभेद आहेत, हे लपून राहिलेलं नाही. उपपरराष्ट्रमंत्री स्तानिकझाई जानेवारी २०२५ मध्ये उघड बोलले आणि लगोलग देशाबाहेर गेले. कारभाऱ्यांना पैसा, व्यापार, मान्यता लागते. कंदाहारच्या मौलवींना लागत नाही. म्हणून सरसकट बहिष्कार घातला की कंदाहारचं काहीच बिघडत नाही, आणि सरसकट मान्यता दिली की कारभाऱ्यांना भांडायचं कारण उरत नाही. रशियाने मान्यता फुकट दिली. भारताने दूतावास उघडला, मान्यता अजून दिलेली नाही. ती हातात आहे तोवर तिची किंमत मागता येते, आणि ओसरी म्हणतात तो काउंटर ही अगदी किरकोळ किंमत आहे.

डॉ_मेथकूट | @दुर्बीण

मतभेद आहेत हे आम्ही चार वर्षं ऐकतोय. चार वर्षांत माध्यमिक शाळांवरची बंदी काही उठली नाही. मतभेदवाले मंत्री आपापल्या मुली दोह्याला शिकवतात अशा बातम्या मात्र येतात. मान्यता रोखून धरा, जरूर. पण रोखून धरण्याला तारीख आणि अट नसेल तर ते नुसतं टाळणं आहे.

वऱ्हाडी_ठेचा | पाण्याचं कोणी बोलून नाही राह्यलं

हे सगळं खरं हाये. पण तिकडे उत्तरेत अमू दर्यावरून ते कोश तेपा कालवा खोदून राह्यले, २८५ किलोमीटर, कोणाचं कर्ज नाही, सोताच्या पैशातून. मी जलसंपदात नोकरी केली म्हणून इचारतो: अस्तर न करता रेतीतून कालवा नेला तं अर्धं पाणी तं जमिनीतच मुरन. आन् खाली उझबेक-तुर्कमेन लोकायचा कापूस त्याच नदीवर. करार हाये का काही?

दुर्बीण | @वऱ्हाडी_ठेचा

नाही. १९९२ ला मध्य आशियातल्या पाच देशांनी अल्माटीत पाणीवाटप केलं तेव्हा अफगाणिस्तानात यादवी चालू होती, तो देश त्या करारात नाहीच. त्यामुळे कायद्याने ते बांधलेले नाहीत. ताश्कंदने (म्हणजे उझबेकिस्तानने) म्हणूनच तालिबानशी जमवून घेतलंय: वीज देतात, रेल्वेची बोलणी चालू ठेवतात आणि अस्तराच्या कामात मदत करू म्हणतात. तुम्ही खात्यातले आहात तर गळती-पाझराचं सविस्तर लिहा की, स्वतंत्र धागा होईल.

वऱ्हाडी_ठेचा | @दुर्बीण

लिहितो. दिवाळी अंक वाचून झाले का मंग.